फुसका बार

"फुसका बार निघाला" असं आपण किती सहज म्हणतो, नाही? गाजावाजा झालेला सिनेमा, वर्षअखेरचं अप्रेझल, मॅनेजरची धमकी... काहीही फुसका बार असू शकतं :-) पण बंदूक वापरणाऱ्या माणसासमोर हा शब्द काढून बघा. 'धडाम'च्या जागी 'फस्स' ऐकू आलं की त्याला हसू येत नाही. का, तेच आज सांगायचंय.

वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याला, माझ्या मामांकडे एकनळी १२ बोअर आहे. रीतसर परवान्याची. भोर-वेल्हे म्हणजे भाताचा मुलूख, आणि लोंब्या भरल्या की रानडुकरं रात्री खाचरात उतरतात. खातात थोडं, तुडवतात जास्त. मग माळ्यावर बसून राखण, डबे बडवणं, आणि अगदीच झालं तर पळवून लावायला एखादा बार. नुसताच आवाजाचा हं, कारण १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. १९५९च्या शस्त्र कायद्यात मात्र पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि सगळं गजाने ठासायचं. 'ठासून भरलंय' म्हणताना आपण वापरतो तेच हे क्रियापद. आता काडतुसात गज नसतो. तिथे ठासण्याचं काम कोण करतं? काडतुसाच्या तोंडाला घातलेली मुरड. तिला म्हणतात क्रिंप. (आपल्याला क्रिंपिंग म्हटलं की नेटवर्क केबलचं टोक आठवतं, ते वेगळं.)

ही मुरड फक्त छर्रे सांडू नयेत म्हणून नसते. काडतुसातली बिनधुराची दारू दाब मिळाला तरच नीट जळते. दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब आणखी वाढतो. तोंड क्षणभर घट्ट राहिलं तर ही साखळी सुरू होते. तोंड सैल असेल तर छर्रे आधीच पुढे सरकतात, दाब पडतो, दारू अर्धवट जळते. हाच तो फुसका बार.

माझा जुना रूममेट सध्या अमेरिकेत, विस्कॉन्सिनला असतो. उडत्या मातीच्या तबकड्या फोडायचा त्याला नाद आहे, आणि वापरलेली काडतुसं तो गॅरेजमध्ये स्वतःच पुन्हा भरतो. तिथे हा सर्रास चालणारा कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे मामा आपले खडकीच्या कारखान्यातली 'शक्तिमान' काडतुसं दुकानातून आणतात. (हा कारखाना १८६९चा. २०२१पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे.)

तर या मित्राने बिघडलेल्या क्रिंपचे फोटो पाठवले होते. तोंडाला सहा किंवा आठ घड्या, मध्यावर येऊन मिटलेल्या. मामींनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "अरे, हे तर मोदकच की! ह्याच्या कळ्या खचल्यात बघ. सारण कमी पडलंय." गंमत म्हणजे निदान बरोबर होतं :-)

मित्राकडून समजलेले दोष थोडक्यात असे:

१. तोंड आत खचणं. आतला ढीग, म्हणजे दारू, वॅड (दारू आणि छर्र्यांमधला बुचासारखा थर) आणि छर्रे मिळून, ठेंगणा पडतो. घड्यांना खालून आधारच नसतो. उपाय वॅडची उंची बदलण्याचा, तोही छापील कोष्टकात दिलेल्या जोडीप्रमाणेच. जागा भरायला दारू वाढवायची नाही. कधीच नाही.

२. मध्ये भोक राहणं. बहुतेकदा उलटं कारण, ढीग उंच झालेला. घड्या मध्यापर्यंत पोचत नाहीत आणि छर्रे गळतात.

३. पिळवटलेलं तोंड. जुन्या घड्यांच्या रेषा प्लास्टिकवर राहतात. आठ घड्यांच्या काडतुसाला सहा घड्यांचा साचा लावला, किंवा साचा रेषांवर बसला नाही, की असं होतं.

४. दोन दिवसांनी आपोआप उघडणं. काडतूस बऱ्याच वेळा वापरलेलं असतं आणि प्लास्टिकचा पीळ गेलेला असतो. ते सरळ फेकायचं.

५. तोंडाखाली फुगणं. साच्याचा दाब जास्त. असं काडतूस चेंबरमध्ये जातच नाही.

आता बघा, पाचपैकी पहिले दोन दोष दिसतात तोंडाला, पण असतात पोटात. चौथ्यात तर माल जुनाच. क्रिंप ही शेवटची पायरी, म्हणून आधीच्या प्रत्येक पायरीची चूक तिच्यावर येऊन उमटते. नवशिका काय करतो? साच्याचा स्क्रू पिळत बसतो. म्हणजे चुकीचा डेटा डेटाबेसमधून येतोय आणि आपण स्क्रीनचा कोड बदलतोय! मित्राची पद्धत साधी आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाचच काडतुसं भरायची, कारखान्याच्या नव्या काडतुसाशेजारी ठेवून बघायची. पटलं तरच पुढे.

पण एक घोटाळा असा आहे की तोंड अगदी देखणं असतं, तरी धोका असतो. काडतुसावर छापलेली लांबी, समजा ७० मिमी, ही उघडलेल्या काडतुसाची असते. मिटलेलं काडतूस त्याहून बरंच आखूड. जुन्या कित्येक बंदुकांचं चेंबर ६५ मिमीचं. त्यात ७० मिमीचं काडतूस छान बसतं, बंदूक बंदही होते. बार उडाला की मुरड उलगडायला पुढे जागा नसते, ती नळीच्या अरुंद होणाऱ्या भागात जाते आणि दाब वाढतो. वाडवडिलांची बंदूक घरात असेल, तर चेंबरची लांबी जाणकार बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून मोजून घेतलेली बरी.

शिवाय वेल्ह्याचा पाऊस. जुनी कागदी काडतुसं दमट हवेत फुगायची आणि चेंबरमध्ये अडकायची. प्लास्टिकचं तसं होत नाही, पण मामा अजूनही काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात आणि प्रत्येकाचं तोंड बोटाने चाचपून मगच घालतात.

असो. आता सुरुवातीचा प्रश्न: फुसक्या बाराला हसायचं का नाही? कारण त्या 'फस्स'मध्ये वॅड नळीतच अडकून राहिलेला असू शकतो. समोर डुकरं आहेत, रात्र आहे, माणूस घाईत दुसरं काडतूस घालतो. पुढची वाट बंद असताना तो बार उडतो आणि नळी फाटते, ती नेमकी डाव्या हाताच्या पंज्याशी.

मामांचा नियम असा: आवाज वेगळा वाटला की नळी मोकळ्या दिशेला धरून थोडं थांबायचं, मग बंदूक उघडायची, काडतूस काढायचं, आणि बॅटरीच्या उजेडात नळीतून आरपार बघायचं. उजेड दिसला तरच पुढचं. तेवढ्यात डुकरं दोन वाफे जास्त तुडवतील. तुडवू देत.