टिपाडांचा लिलाव

टँकरच्या आशेवर रस्त्याकडेला वर्षानुवर्षं उभी असलेली, तळ गंजून गेलेली लोखंडी टिपाडं आम्ही म्हसवडजवळच्या वस्तीवर रंगवली आणि त्यांचा लिलाव केला. पैसे अंगणवाडीतल्या पोरांसाठी होते. मी शाळेत चित्रकला शिकवलेली, म्हणून रंगाचं काम माझ्याकडं आलं.

गंज खरवडून रेड ऑक्साइड मारलं, वर ऑइल पेंट. कुणी म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ काढला, गुलालासकट. खिलार बैलाच्या शिंगांचा बाक चुकला म्हणून बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्यांनी थांबून तो दोनदा बदलायला लावला. एका मेंढपाळ आजींनी ब्रश धरायला नकार दिला आणि चिंधीनं अख्ख्या टिपाडावर घोंगडी उतरवली. काळी, पांढऱ्या काठांची. माझ्या मते सगळ्यांत देखणं तेच.

अंगणवाडी सेविकाताईंनी मागणी आधीच सांगितली होती. "गुरुजी, भिंती रंगवू नका. पोरं टोळीबरोबर जात्यात, त्यांच्यासंगं जाईल असं काहीतरी द्या." माण तालुक्यातली कितीतरी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, कुणी मेंढरं घेऊन बाहेर पडतात. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खाऊ आणि शाळेआधीचं शिक्षण केंद्रात मिळतं. पण मूल उसाच्या फडात आणि केंद्र वस्तीवर, असं झालं की हंगामाचे सहा महिने कोरडेच जातात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच ओळखलं होतं. मुलं येईनात, तर बालवाडी पाड्याच्या अंगणात न्यायची. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. ताईंना हवी होती तशीच एक पत्र्याची पेटी, प्रत्येक टोळीला एक: ठोकळे, मणी, पाट्या, चित्रांची पुस्तकं.

लिलावाला विरोधही झाला. सगळ्यांनी मिळून रंगवलेलं एकाच्या दारात का जावं? प्रश्न रास्त होता. तरी मी विकण्याच्या बाजूनं बोललो. माणच्या उन्हात ऑइल पेंट फार टिकत नाही आणि टोळ्या निघायला थोडेच दिवस उरले होते.

बोली लावायला कुणाला शिकवावं लागलं नाही. जत्रेत देवाचा नारळ दुकानातल्या किमतीच्या कितीतरी पट जातो आणि घेणाऱ्याला तो महाग वाटत नाही. "एक वार, दोन वार" सुरू झालं तशी माणसं सरसावली. रथाचं टिपाड एका टँकरवाल्यानं घेतलं. घोंगडीवर एका व्यापाऱ्याची बोली चढत होती. बचत गटाच्या बायकांनी डोकी जवळ आणून हिशेब केला आणि त्याच्या वर बोलल्या. इथल्याच बायकांनी 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. चारचौघांत रक्कम सांगायला त्या बिचकत नाहीत. व्यापारी थांबला, तेव्हा कुणीतरी "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं" म्हणून ओरडलं.

टोळ्या निघाल्या तेव्हा पेट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांशेजारी चढल्या. प्रत्येक झाकणाच्या आत ताईंनी सामानाची यादी चिकटवली होती आणि पेटी सांभाळायला एकेका थोरल्या मुलीचं नाव घातलं होतं. हंगाम संपल्यावर एक मुकादम पेटी परत द्यायला स्वतः आला. मणी बरेच हरवले होते, पुस्तकांच्या कडा फाटल्या होत्या. तो म्हणाला, "ताई, फडावर दुसऱ्या टोळीची पोरंबी येऊन बसत्यात. पुढच्या बारीला दोन द्या."

ताईंनी यादीत पाट्या वाढवल्या आहेत. मी टिपाडं शोधतो आहे.