पावसाचं बिल कोण भरणार?

मे महिन्यातला शनिवार. पुण्यातल्या एका कॉफी शॉपमध्ये बसून मी ‘पावसाळ्यातले पाच हटके वीकेंड स्पॉट्स’ हा लेख पूर्ण करत होते. संध्याकाळची डेडलाइन होती. तेवढ्यात कोल्हापूरहून पप्पांचा फोन आला.

“वळीव झाला गं. शेडमध्ये पाणी शिरलंय. ठेवतो.”

बस, एवढंच. पप्पा फोनवर कधीच जास्त बोलत नाहीत. पण त्या दिवशीचा आवाज वेगळा होता. लेख मेल केला आणि रात्रीची गाडी पकडली.

शिवाजी उद्यमनगरात पप्पांचं छोटं मशीन शॉप आहे. तीन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार कामगार. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आमच्याकडे मशिनिंग होतं आणि टेम्पोत भरून पुढे जातं. माझं मास कॉमचं शिक्षण ह्याच तीन लेथवर झालंय. त्या दिवशी तासाभराच्या पावसात घोटाभर पाणी आत आलं. दोन मोटारी भिजल्या, तयार जॉबवर गंज चढला आणि सोमवारचा डिस्पॅच हुकला. ज्यांचं काम होतं त्यांनी शांतपणे सांगितलं, “पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल.”

तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात पाणी शिरणं ही काय बातमी झाली? खरंय. कोल्हापूर आणि पाणी म्हटलं की आपल्याला महापूरच आठवतो. 2019 चा, 2021 चा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की टीव्हीवाले येतात, हायवे बंद होतो, देशभर फोटो जातात. पण आमच्या शेडमध्ये आलेलं पाणी नदीचं नव्हतंच. ते आमच्याच पत्र्यांवर, आमच्याच काँक्रीटवर पडलेलं पाणी होतं. त्याला बाहेर जायला वाट मिळाली नाही, म्हणून ते आत आलं.

आणि हे फक्त लेथवाल्यांचं दुखणं नाही. फौंड्रीत वितळलेलं लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास असतं. ते पाण्यावर सांडलं की खालच्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळतो. म्हणजे तिथे प्रश्न नुसत्या नुकसानीचा नाही, माणसांच्या जिवाचा आहे.

रविवारी गल्लीतल्या कारखानदारांची मीटिंग होती. पप्पा म्हणाले, “चल तू पण. पेपरात लिहितीस, जरा शिकलेल्यांसारखं बोल.” मीही तयारीनिशी गेले. रात्रभर वाचून काढलं होतं ना!

वाचलं ते मजेशीर होतं. पावसाळी गटाराला पैसा कधी मिळतो? आधी बुडाल्यावर. मुंबईच्या नाल्यांचा ब्रिमस्टोवॅड अहवाल 1993 मध्ये तयार होता. त्याला केंद्राचे मोठे पैसे मंजूर झाले ते 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडून गेल्यानंतर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आली. तिच्या 63 शहरांच्या यादीत कोल्हापूर नव्हतं. लहान शहरांसाठी वेगळी योजना होती, 80 टक्के केंद्र, 10 टक्के राज्य, 10 टक्के पालिका. 2015 मध्ये अमृत आली. दोन्हींत पावसाळी गटारं बसत होती. पण योजनेचा पैसा गटार बांधण्यासाठी असतो, दरवर्षी त्यातला गाळ काढायला नसतो. तो खर्च शहराने आपल्या खिशातून करायचा. आणि त्या खिशाचं काय झालं? जकात गेली, 2011 मध्ये एलबीटी आला, 2015 मध्ये तोही जवळपास गेला, 2017 मध्ये जीएसटी आला. आता मोठा आधार राज्याच्या अनुदानाचा.

मग खासगीकरण? तेही आपण करून पाहिलंय. सुमारे 50 किलोमीटर रस्ते, सोबत गटारं आणि फूटपाथ, खर्च 220 कोटी आणि वसुलीला 30 वर्षांचा टोल! 2013 च्या मोर्चाच्या वेळी मी अकरावीत होते. पप्पांनी शेड बंद ठेवली होती आणि आम्ही दोघंही घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. अखेर टोल गेला. त्या लढ्याचा मला आजही अभिमान आहे. पण टोल नको म्हणताना ‘मग गटाराचे पैसे कुठून?’ हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नाही. मीही नाही.

मीटिंगमध्ये मी हे सगळं बोलले. वर बर्लिनचं उदाहरणही दिलं. तिथे 2000 सालापासून पावसाच्या पाण्याचं वेगळं बिल येतं. तुमच्या जागेत छप्पर आणि काँक्रीट मिळून किती चौरस मीटर, त्यावर आकार. पाणी जमिनीत मुरवलंत तर सूट. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियानेही 2010 मध्ये जागेच्या हिशोबाने आकारणी सुरू केली. आमच्या दोन हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर सव्वानऊ हजार लिटर पाणी होतं. जवळजवळ एक टँकर! तो टँकर आपण रोज फुकटात शेजाऱ्याच्या दारात रिकामा करतो.

टाळ्या वगैरे नाही पडल्या. कोपऱ्यातले एक काका एवढंच म्हणाले, “बर्लिनचं ऱ्हाऊ दे पोरी. तुझ्या पप्पाच्या रॅम्पखाली काय हाय ते आधी बघ की.”

सगळे गप्प. पप्पांनी मान खाली घातली.

आमच्या शेडसमोर गटारावर काँक्रीटचा रॅम्प आहे. मी सातवीत असताना पप्पांनी तो घातला, टेम्पो थेट दारात लागावा म्हणून. त्यावरच चहाचा बाक आहे, तुळशीची कुंडी आहे. गल्लीत असे रॅम्प जवळजवळ प्रत्येकाचे. गटार आहे, पण ते कुणाला दिसत नाही आणि कुणाला साफही करता येत नाही. मीटिंगचा मुद्दाच तो होता. वर्गणी काढून गटार साफ करायचं, उचलता येतील अशी झाकणं टाकायची आणि प्रत्येकाने आपापला रॅम्प फोडायचा. वर्गणीला सगळे तयार. फोडायला मात्र कुणीच नाही.

घरी येताना मी म्हटलं, “पप्पा, आपण टॅक्स भरतो. हे आपण का करायचं?”

“टॅक्स भरतो ते खरं,” पप्पा म्हणाले, “पण रॅम्प काय टॅक्समधनं घातला व्हय?”

सोमवारी सकाळी ब्रेकरवाला आला. गल्लीतला पहिला रॅम्प आमचा फुटला. खाली काय होतं माहितीये? प्लास्टिक थोडंसंच. बाकी फौंड्रीची काळी वाळू आणि लोखंडाचा कीस, गंजून दगड झालेला. आमच्याच लेथचा. पंधरा वर्षं रोज संध्याकाळी झाडून आम्ही तो बाहेर लोटत होतो. पप्पांनी एक ढेकूळ उचललं, हातात फिरवलं आणि काही न बोलता बाजूला ठेवलं.

त्या आठवड्यात आणखी सहा रॅम्प फुटले. सगळे नाही. कोपऱ्यावरच्या एकाचा अजून तसाच आहे, त्यामुळे तिथे पाणी थोडं तुंबतंच. आणि गल्ली साफ झाली तरी गटार पुढे नाल्यालाच जाणार. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी उलटं फिरतं, तिथे आमच्या वर्गणीची मात्रा चालत नाही. त्यासाठी मोठा पैसा आणि मोठी योजनाच लागणार. ती मागायचा हक्क आपला आहेच. फक्त आता मागताना माझा आवाज थोडा खाली येतो.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. रात्री साडेदहाला पप्पांचा फोन.

“आत पाणी नाही आलं.”

“मस्त! म्हणजे झालं ना काम?”

“ह्या वर्षीचं झालं,” पप्पा म्हणाले. “पुढच्या मे महिन्यात गाळ काढायचे पैसे कोण देणार, त्याची मीटिंग रविवारी हाय. येतीस काय?”

वीकेंडचा प्लॅन ठरला होता. कॅन्सल केला.