युरिया पिणारी मालमोटार

आमचे घर पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकाजवळ. लहानपणी फाटक पडले की दारापर्यंत मालमोटारींची रांग लागे. इंजिन कोणी बंद करीत नसे. ते पुन्हा सुरू होईल याची खात्री खुद्द ड्रायव्हरलाही नसावी! गाडी जाईपर्यंत उभ्या उभ्या डिझेल जळे आणि वडिलांचे वाळत घातलेले धोतर करडे होई. धोतर पुन्हा धुता येई. वडिलांची छाती मात्र शेवटपर्यंत खरखरत राहिली.

परवा हायवेवर एक ड्रायव्हर मालमोटारीच्या निळ्या झाकणात काहीतरी ओतताना दिसला. स्कूटर थांबवून विचारले, "काय हो हे?"

"युरिया, काका."

मी चाट पडलो. आम्हा खानदेशातल्यांच्या मते युरिया खावा तो केळीने! त्याने समजावले : १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. आता अवजड गाड्यांच्या धुरावर युरियाचे पाणी फवारतात. शंभरात साडेबत्तीस भाग युरिया. विषारी नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन आणि वाफ होते. काजळी अडवायला वेगळी गाळणी.

"पण काका, उभं राहायचं तर इंजिन बंद करावं. त्याला युरिया लागत नाही."

मी जोरात मान डोलावली. तो माझ्या स्कूटरकडे पाहत होता. ती मघापासून चालूच होती.