सांधा बसला का?

वडीगोद्रीला रेल्वे नाही. धुळे-सोलापूर महामार्गावर ट्रकांची वर्दळ रात्रंदिवस असते. परंतु आगगाडीची शिट्टी ऐकावयाची तर अंबडवरून जालना गाठावे लागते. अशा गावी आमच्या घरात फळीवरची एक रेल्वे नांदते आहे आणि तिचा कारभार एक जुनापुराणा संगणक पाहतो, हे ऐकून पाहुणे प्रथम हसतात. मग मामांच्या देखत ती पाहतात आणि हसणे थांबते.

आमचे मामा मनमाड-सिकंदराबाद मार्गावर सांधेवाले होते. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात पडलेला हा मार्ग मीटरगेज होता. १९९० च्या दशकात जालन्याकडचा भाग ब्रॉडगेज झाला आणि मामांनी तरुणपणी ओढलेल्या तरफा भंगारात गेल्या. मामी निवर्तल्यानंतर ते आमच्याकडे राहावयास आले. बोलणे अगदी मोजके. नाताळात गव्हाणीभोवती मुले चावीची आगगाडी फिरवीत, तिच्याकडे मात्र ते तासन्‌तास पाहत बसत. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली उघडलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय त्यांना दाखविले, तेव्हा आम्ही सर्वांनी गाड्या पाहिल्या. मामांनी सिग्नल पाहिले. परतीच्या वाटेवर म्हणाले, “आपल्याला एवढं नको. दोन ठेसनं पुरेत.”

त्या एका वाक्यावरून हा उद्योग सुरू झाला.

मामांना मीटरगेजच हवी होती; परंतु तिची १२ मिलिमीटर रुळांची नमुनारूपे मिळणे दुरापास्त, म्हणून प्रचलित १६.५ मिलिमीटर रुळांवर तडजोड झाली. या छोट्या गाड्या चालविण्याची आजची रीत मोठी सुरस आहे. रुळांत वीज सदैव खेळती असते आणि तिच्याच स्पंदनांतून हुकूम जातात. आखूड स्पंदन म्हणजे एक, लांब स्पंदन म्हणजे शून्य. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिमुकला उलगडक असतो. तो केवळ आपल्या क्रमांकाचा हुकूम पाळतो. नव्या इंजिनाचा क्रमांक बहुधा ३ असतो. ही स्पंदने संगणक निर्माण करीत नाही, तर ‘डीसीसी-ईएक्स’ नावाची विनामूल्य आज्ञावली घातलेली आर्डुइनोची पट्टी करते. संगणकाने फक्त तिला निरोप सांगावयाचा. म्हणूनच अडगळीतला, एक गिगाबाइट स्मृतीचा आमचा संगणक या कामास पुरेल असा अंदाज आम्ही बांधला.

अंदाज खरा होता. वाट मात्र वळणाची निघाली. संगणकावर विंडोज एक्सपी होती, जिची देखभाल तिच्या निर्मात्यांनी २०१४ सालीच थांबविली. आम्हांस हवी होती ‘जेएमआरआय’ ही आज्ञावली. तिची एक्सपीवर चालणारी जुनी आवृत्ती आमच्या पट्टीस ओळखत नव्हती आणि पट्टीस ओळखणारी नवी आवृत्ती ज्या जावावर उभी, तिला एक्सपी चालत नव्हती. अखेर एक्सपी पुसून डेबियन १२ ची ३२ बिटांची प्रत बसविली, तिच्यावर जावा आणि त्यावर जेएमआरआय. तरीही पट्टी उत्तर देईना. संपूर्ण शनिवार गेल्यावर कळले की डेबियनमध्ये ‘डायलआउट’ या गटात नाव असल्याखेरीज अशा जोडणीस कोणासही हात लावता येत नाही. नाव घातले, संगणक पुन्हा सुरू केला आणि इंजिन हळूच हलले.

ही आज्ञावली कोणी विकत नाही. बॉब जेकबसेन या कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी सहकाऱ्यांसह ती घडविली आणि सर्वांस मोकळी केली. तिच्यातील काही भाग श्रेय न देता धंद्यात वापरला गेला, तेव्हा ते न्यायालयात गेले. फुकट दिलेल्या कामालाही दात्याच्या अटी लागू राहतात, असा निर्णय अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००८ साली दिला. मामांना हे सांगितले तेव्हा त्यांनी “बरं केलं” एवढेच म्हटले. असो.

खरी परीक्षा पुढेच होती. पडद्यावर सांध्याचे चित्र होते. बोट दाबले की चित्र वळे, सिग्नल हिरवा होई. मुले आनंदली. मामांनी वाकून फळीवरचा सांधा पाहिला. त्याची पात रुळापासून केसभर दूर होती.

“सांधा बसला, हे याला कुणी सांगितलं?”

प्रश्न बिनतोड होता. आम्ही पुस्तिका चाळली. आज्ञावलीस वेगळे सांगितले नाही, तर दिलेला हुकूम पाळला गेला असेच ती गृहीत धरते. पडद्यावर दिसतो तो आपलाच हुकूम, सांध्याची स्थिती नव्हे. मामा म्हणाले, “तरफ ओढली म्हणजे सांधा बसला असं होत नाही. पातीत खडा अडकला तर? आम्ही कंदील घेऊन जाऊन बघायचो, मग सिग्नल.” पुढे अर्धा तास ते बोलत होते. पावसाळी रात्र, तेलकट तारा, डब्यांतून झोपलेली माणसे. इतके सलग बोलणे मामी गेल्यापासून आम्ही ऐकले नव्हते.

प्रत्येक सांध्यास मग दोन बारीक खटके बसविले: एक सरळ मार्गासाठी, दुसरा वळणासाठी. पात घट्ट टेकल्याखेरीज खटका दबत नाही, आणि खटका दबल्याखेरीज सिग्नल हिरवा होऊ नये अशी अट आज्ञावलीत लिहिली. अटी मामांनी तोंडी सांगितल्या, आमच्या भाचीने टंकल्या. एकेक अट झाली की मामा पातीत आगकाडी घालून पाहत. सिग्नल तांबडाच राहिला तर मान हलवीत.

गेल्या नाताळात गव्हाण दोन स्थानकांच्या मध्ये मांडली. एकेरी मार्ग असल्याने मामांना टोकनाचा गोळाही हवा होता. तो काही आमच्या संगणकात नाही. म्हणून मुलांची एक निळी गोटी ठरविण्यात आली. ती या स्थानकातून त्या स्थानकात हातोहात नेली जाते, आणि ती पोहोचेपर्यंत मामा गाडी सोडू देत नाहीत.