येरमाळ्याहून वॉल्टनला

आमच्या गावात सिनेमा नव्हता. सिनेमाला जाणं मात्र होतं. येडशीजवळच्या आमच्या गावातून त्याच्या दोन वाटा फुटायच्या. एक बार्शीला, छोट्या रेल्वेगाडीनं. ती वडिलांची, कारण बार्शीच्या आडतीत त्यांचं काम असायचं. दुसरी येरमाळ्याला, चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत उभ्या राहणाऱ्या तंबूपर्यंत. ती आज्जीची आणि माझी.

येडेश्वरीची पालखी डोंगरावरून आमराईत येते, हजारो माणसं वाटेत चुनखडीचे खडे वेचतात. आज्जी ते खडे ओच्यात बांधून घ्यायची आणि ऊन कललं की म्हणायची, "चल, आता तुझ्या देवाकडं." माझा देव कनातीच्या आत असायचा. भोंग्यावरून सिनेमाचं नाव सांगणारा माणूस, तिकिटाच्या भोकातून आत जाणारे हात, एका अंगाला बाया नि दुसऱ्या अंगाला पुरुष, मधे नुसता एक दोर. खाली माती. आज्जी पोतं अंथरायची, फडक्यात बांधलेले धपाटे सोडायची. मागं उभ्या ट्रकमधून उजेडाचा झोत निघायचा आणि त्यात यात्रेची सगळी धूळ तरंगताना दिसायची. मी पुढं सरकायला लागले की ती फ्रॉक धरून मागं ओढायची. "पडद्याला लय खेटून बसू नको गं, डोळे जातेत."

'माहेरची साडी' मी तिथंच पाहिला, 1992 च्या यात्रेत. मधेच रीळ तुटलं, अंधार झाला, पण बायकांच्या बाजूची मुसमुस थांबली नाही. ट्रकमधला माणूस रीळ जोडेपर्यंत कुणी उठलंही नाही. इतक्या लांबून चालत आलेल्या माणसांना दहा मिनिटं म्हणजे काहीच नव्हती.

पुढं धाराशिवला कॉलेजात असताना वाचनालयात दादासाहेब फाळक्यांच्या आयुष्यावरचं पुस्तक हाती आलं. गिरगावात त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, मग पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले, आणि त्यानंतर मिळेल तो चित्रपट पाहायचा सपाटाच लावला. रात्रंदिवसाच्या त्या ध्यासानं काही काळ त्यांची दृष्टीच गेली; डॉ. प्रभाकरांनी उपचार करून ती परत आणली. ते पान वाचताना मला माझा फ्रॉक ओढणारा आज्जीचा हात आठवला. तिला फाळके ठाऊक नव्हते, पण डोळे जातात हे तिला बरोबर माहीत होतं.

स्वतः चित्रपट काढायच्या तयारीसाठी फाळके फेब्रुवारी 1912 मध्ये लंडनला निघाले. विम्याच्या पॉलिश्या गहाण टाकून पैसा उभा केला. तिथं ते जेमतेम दोन आठवडे राहिले. माझी भाची लंडनला नोकरीला आहे. "मावशी, ये एकदा" असं ती गेली चार वर्षं म्हणत होती. मी गेले तीही फेब्रुवारीत, आणि दोनच आठवड्यांसाठी. राजवाडा नाही, मनोऱ्याचं घड्याळ नाही. फाळके जिथं जिथं गेले असतील तिथं मला जायचं होतं.

पहिल्या दिवशी भाचीनं मला शहरात फिरायला शिकवलं. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत; कार्ड यंत्राला टेकवायचं. मी गेले तेव्हा एका बसचे 1 पौंड 75 पेन्स पडत, आणि त्याच पैशांत तासाभरात दुसरी, तिसरी बस बदलता येई. भुयारी रेल्वे झपाट्यानं पोचवते, पण मला बसच्या वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा आवडली. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून ज्यानं तुळजापूरचा रस्ता पाहिला आहे, त्याला ती जागा कशासाठी धरायची हे सांगावं लागत नाही.

भुयारी रेल्वेच्या नकाशानं मला आधी फसवलं. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समननं 1931 साली तो आखला. त्यात खरी अंतरं नाहीत, सगळ्या रेषा सरळ किंवा तिरक्या. कुठं गाडी बदलायची ते त्यावरून चटकन कळतं. पण लेस्टर स्क्वेअर आणि कोव्हेंट गार्डन ही स्टेशनं एकमेकांपासून तीनशे मीटरही लांब नाहीत, हे त्यावरून कळत नाही. मी खाली उतरले, गाडीची वाट पाहिली, वर आले, आणि मागं वळून पाहते तर निघाले तो चौक इतका जवळ की कुणी हाक मारली असती तरी ऐकू आली असती! त्या दिवसापासून शहराच्या मध्यभागात मी चालायचंच ठरवलं. सिनेमाच्या माणसानं लंडनमध्ये चालावं, असंच मी म्हणेन. चित्रपटगृहं तिथं एकमेकांना चिकटून आहेत, आणि पाट्या वाचायच्या तर पाय सावकाशच पडायला हवेत.

फाळक्यांचं लंडनमधलं काम एका पाटीनंच सुरू झालं. ओळखीचं कुणी नव्हतं. पिकॅडिली सर्कसच्या परिसरात फिरताना त्यांना 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसली. मुंबईत ते त्याचे वर्गणीदार होते! आत गेले, संपादक कॅबोर्न यांना भेटले. हिंदुस्थानात चित्रपट काढायचा हा नाद सोडा, इंग्लंडमध्येच कितीतरी जण यात बुडाले, असं त्यांनी आधी समजावलं. समोरचा माणूस हलत नाही असं पाहिल्यावर तेच त्यांच्या मदतीला उभे राहिले. विल्यमसन कंपनीचा पन्नास पौंडांचा कॅमेरा, फिल्मला कडेची भोकं पाडायचं यंत्र, कोडॅकची कच्ची फिल्म, ही खरेदी त्यातूनच झाली.

पिकॅडिली सर्कसला मी संध्याकाळी पोचले. चौकभर झळकणारे जाहिरातींचे पडदे, त्यांचा उजेड ओल्या रस्त्यावर सांडलेला. ती पाटी आता नसणार हे मला कळत होतं. तरी मी मान वर करून जुन्या इमारतींचे दुसरे-तिसरे मजले पाहत राहिले. अनोळखी शहरात परकी भाषा बोलणारा एक मराठी माणूस इथं कुठंतरी उभा राहिला आणि घरी टपालानं येणाऱ्या अंकावरचं नाव त्याला भिंतीवर दिसलं. त्या क्षणी त्याच्या छातीत काय झालं असेल, ते मला तिथं उभं राहून जवळून कळल्यासारखं वाटलं.

तिथून रीजंट स्ट्रीटनं सरळ वर गेलं की पंधरा-वीस मिनिटांत एक चित्रपटगृह लागतं. पूर्वी ती पॉलिटेक्निकची इमारत होती. 20 फेब्रुवारी 1896 रोजी लुमिए बंधूंची हलती चित्रं लंडननं तिथंच पहिल्यांदा पाहिली. त्याच वर्षी 7 जुलैला ती मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. पाच महिनेही मधे गेले नाहीत. सिनेमा आपल्याकडं उशिरा आला असं मला उगीचच वाटत असे. मुंबईपासून येरमाळ्यापर्यंत यायलाच त्याला खरा वेळ लागला.

वॉल्टनचा दिवस मात्र मी जपून ठेवला होता. कॅबोर्न यांनी फाळक्यांची गाठ सेसिल हेपवर्थशी घालून दिली. हेपवर्थचा स्टुडिओ टेम्सकाठी वॉल्टन गावात होता, आणि त्यानं फाळक्यांना तिथले सगळे विभाग मोकळेपणानं दाखवले. आदल्या रात्री भाचीच्या लॅपटॉपवर आम्ही हेपवर्थचा 1905 सालचा छोटा चित्रपट पाहिला, 'रेस्क्यूड बाय रोव्हर'. पळवून नेलेलं बाळ, त्याला शोधणारा कुत्रा. कथा हेपवर्थच्या बायकोची, बाळ त्यांचंच, कुत्राही घरचाच, आणि बापाच्या भूमिकेत स्वतः हेपवर्थ. प्रतींना इतकी मागणी आली की निगेटिव्ह झिजली आणि चित्रपट पुन्हा चित्रित करावा लागला, तोही दोनदा.

भाची म्हणाली, "मावशी, हे तर घरचं कार्य वाटतंय." मला तेच हवं होतं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास झाला तो त्यांचाच मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून फिल्मला भोकं पाडायच्या, दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायच्या. फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले हे सगळेच सांगतात. मला वाटतं, वॉल्टनमध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली असावी: चित्रपट घरातली माणसं मिळून करू शकतात. तो धीर त्यांनी बरोबर आणला.

वॉटर्लूहून वॉल्टनला अर्ध्या तासात गाडी पोचते. स्टेशनपासून बरंच चालावं लागतं. स्टुडिओ केव्हाच पाडला गेला. त्याला वीज पुरवणारी इमारत तेवढी उरली आहे, तिथं आता नाट्यगृह आहे. दार बंद होतं, पाऊस भुरभुरत होता. हेपवर्थचं 1924 साली दिवाळं निघालं आणि त्याच्या निगेटिव्ह चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. फाळकेही शेवटी रिकाम्या हातांनीच नाशिकला वारले, 1944 मध्ये. 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळं पुण्याच्या संग्रहालयात आहेत, एवढं तरी उरलं. त्या बंद दारापाशी छत्री धरून मी बराच वेळ उभी राहिले.

परतीच्या गाडीत मला बार्शी लाईट आठवली. आमच्या येडशीवरून जाणारी, 1911 साली लातूरला पोचलेली ती अडीच फुटी रुळांची गाडी ज्या कंपनीची होती, ती कंपनी याच लंडनमध्ये स्थापन झाली होती. वडील जिच्यात बसून बार्शीला सिनेमा पाहायला जायचे, तिचा मूळ मालक लंडनचा होता आणि आज्जीच्या तंबूतल्या पडद्याची मुळंही लंडनपर्यंत पोचत होती. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी भाचीनं टेम्सच्या दक्षिणेला, केनिंग्टनजवळच्या सिनेमा म्युझियमची भेट ठरवून ठेवली होती. ही इमारत पूर्वी लॅम्बेथची अनाथ-गरिबांना ठेवायची जागा होती. लहानगा चार्ली चॅप्लिन आईबरोबर इथंच आणला गेला होता. आता इथं जुने प्रोजेक्टर, तिकिटं, दारावर उभ्या राहणाऱ्या मुलींचे गणवेश, असं सगळं सांभाळलं आहे. आम्हाला फिरवणारे गृहस्थ वयस्कर होते. एका प्रोजेक्टरचं मागचं दार त्यांनी उघडलं. आत कार्बनच्या दोन काळ्या कांड्या, टोकाला टोक. मी न विचारता सांगितलं की या जळत जातात, मधलं अंतर राखावं लागतं, नाहीतर पडद्यावर अंधार येतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. हे कुठं पाहिलंत, म्हणाले.

मी म्हटलं, येरमाळा. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, खिशातून पेन्सिल काढली आणि तिथं जायचं कसं ते विचारलं. मी सांगत गेले: मुंबईहून रात्रीच्या गाडीनं सोलापूर, तिथून एसटीनं तुळजापूर, धाराशिव, येडशी, आणि त्याच रस्त्यानं पुढं येरमाळा. चैत्री पौर्णिमेला या, उन्हाळा असेल, डोक्याला काहीतरी बांधा. आमराईपाशी उतरा.

"आणि तंबू? अजून लागतो?"

"जागा मला माहीत आहे," मी म्हटलं. "मी दाखवीन."