हातचा एक

इंग्रजी कोशात विद्वज्जड शब्दांना एखाददुसरी ओळ पुरते, आणि ‘हँड’, ‘हेड’, ‘रन’ असल्या, इंग्रजी पहिलीतच पाठ होणाऱ्या शब्दांना मात्र स्तंभांमागून स्तंभ लागतात, ही गोष्ट मुंबईस विद्यार्थिदशेत असताना माझ्या नजरेस आली होती. परंतु तिचे मर्म कळण्यास मला इस्तंबूलपर्यंत जावे लागले. १९५० नंतरच्या दशकात मी त्या शहरी गलाता भागातील जहाजवाहतुकीच्या एका पेढीत इंग्रजी पत्रव्यवहाराचे काम पाहत होतो आणि बॉस्फरसच्या आशियाई तीरावर, उस्कुदार येथे, एका वृद्ध विधवेच्या घरी बिऱ्हाड करून होतो. पेढीतला कारभार इंग्रजीत चालत असे. पण पाव, दूध, परीट आणि घरमालकीण यांच्याशी तुर्कीवाचून गत्यंतर नव्हते. बायझीदच्या मशिदीलगत साहाफ्लार नावाचा जुन्या पुस्तकांचा बाजार आहे. तेथून मी रेडहाउससाहेबांच्या १८९० सालच्या तुर्की-इंग्रजी महाकोशाची एक जीर्ण प्रत पैदा केली. आपल्या मोल्सवर्थचे नाव जेम्स आणि या रेडहाउसचेही जेम्स. एका जेम्साने मराठीचा कोश करावा, दुसऱ्याने तुर्कीचा, आणि मी मराठी माणसाने तुर्की शिकताना या दोघांच्या इंग्रजीचा टोलनाका ओलांडूनच पलीकडे जावे, या व्यवस्थेत काही विपरीत आहे असे त्या वेळी मला मुळीच वाटले नाही.

पेढीतील एका सहकाऱ्याच्या ओळखीने मला एक सेवानिवृत्त इंग्रजी शिक्षक भेटले. त्यांना सगळेजण ‘होजाम’, म्हणजे ‘माझे गुरुजी’, म्हणत. मीही तसेच म्हणू लागलो. तुर्की विद्यार्थ्यांकरिता नित्याच्या इंग्रजी शब्दांचे नाना अर्थ, त्यांचे वाक्प्रचार आणि त्यांस तुर्कीत काय म्हणावे, हे सांगणारी एक छोटी पुस्तिका ते रचीत होते. इंग्रज मदतनीस सोडून तुम्ही माझ्याकडे का आलात, असे विचारता ते म्हणाले, “इंग्रजाला आपली भाषा येते, तुम्हांला ती शिकावी लागली आहे. अडखळण्याच्या जागा तुम्हांलाच ठाऊक.” होजा १९२८च्या लिपिबदलापूर्वी शाळेत गेलेले होते, त्यामुळे छापण्याचा मजकूर ते नव्या रोमन लिपीत लिहीत आणि स्वतःसाठी करावयाची टिपणे भरभर उजवीकडून डावीकडे, जुन्या अरबी वळणाच्या अक्षरांत. आमच्या घरी आजोबांचे दफ्तर मोडीत होते आणि त्यांच्या नातवंडांना ते लागत नव्हते, हे मी सांगितले तेव्हा ते खिन्नपणे हसले. ‘दफ्तर’ हा शब्द मात्र त्यांना भाषांतराशिवाय समजला, कारण तुर्कीत वहीला ‘देफ्तेर’च म्हणतात.

‘हँड’ हा शब्द आम्ही हाती घेतला तो हिवाळ्यात. तुर्कीत हाताला ‘एल’ म्हणतात. तेवढे सांगून मोकळे होता आले असते तर होजांनी पुस्तिका लिहिलीच नसती. पहिली अडचण घड्याळाची. इंग्रजाच्या घड्याळाला हात असतात, आपल्या घड्याळाला काटे. तुर्की घड्याळात तासाचा काटा हा ‘आक्रेप’, म्हणजे चक्क विंचू, आणि मिनिटाचा काटा ‘येल्कोवान’, म्हणजे वाऱ्याला हुसकावणारा. याच येल्कोवान नावाचे समुद्रपक्षी बॉस्फरसच्या पाण्याला जवळजवळ पोट घासून, थव्याथव्याने, कोठेही न विसावता ये-जा करीत असतात. सकाळच्या आगबोटीतून पेढीकडे जाताना मी ते नित्य पाहत असे. विंचू आपल्या जागी रुतून बसतो आणि हा पक्षी धावत राहतो, असे एका तबकडीवर दोन प्राणी कल्पिणाऱ्या अज्ञात घड्याळजीपुढे इंग्रजांचे ते दोन हात मला फारच कोरडे वाटले.

त्याहून कोरडा अर्थ पुढे आला. शेतावरचा गडी, जहाजावरचा खलाशी, गिरणीतला कामकरी, या सर्वांस इंग्रजी ‘हँड’ म्हणते. डिकन्सने ‘हार्ड टाइम्स’मध्ये या संबोधनाचा पुरता पंचनामा केला आहे. माणसाचा जेवढा अवयव आपल्या उपयोगाचा तेवढ्याच नावाने त्याची हजेरी मांडायची, ही यंत्रयुगातल्या धन्याची बुद्धी तुर्कीला मानवली नाही असे दिसते, कारण होजांनी या अर्थासमोर ‘एल’ लिहिण्यास साफ नकार दिला आणि जहाजाच्या बाबतीत ‘तायफा’ हा शब्द लिहिला. मी दचकलो. आमच्याकडे तायफा असतो तो कलावंतिणीचा, साजिंद्यांसह! अरबीत नुसता ‘समूह’ असा अर्थ असलेला हा शब्द एका किनाऱ्यावर नौकेत चढला आणि दुसऱ्या किनाऱ्यावर बैठकीत जाऊन बसला. होजांना ही हकीकत इतकी आवडली की पुढे कित्येक दिवस आगबोटीवरचे खलाशी दिसले की ते माझ्याकडे पाहून भिवया उंचावीत.

‘ऑन दि अदर हँड’ या प्रयोगापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. तुर्की येथे हात न वापरता बाजू वापरते: ‘ओते यान्दान’ किंवा ‘दिगेर ताराफ्तान’. हे ‘ताराफ’ म्हणजे आपले ‘तरफ’. आपल्या जमिनीच्या दाखल्यांवर ‘मौजे अमुक, तर्फ तमुक’ असे लिहिलेले असते, आणि सभेच्या हस्तपत्रकावर ‘नगरपालिकेतर्फे’. तुर्की वर्तमानपत्रातही नगरपालिकेने काही केले की ‘बेलेदिये ताराफन्दान’ असेच छापतात, नामाच्या मागे, अगदी आपल्या ‘तर्फे’च्या जागी. हे पाहिल्यावर मी रेडहाउस मिटून ठेवला. इंग्रजीत हा प्रत्यय समजावून घेण्यासाठी मी पूर्वी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. आणि तो तर माझ्या वडिलांच्या सातबाराच्या उताऱ्यावर पडून होता.

मदतीचा हात हा आणखी एक गुंता. ‘हात देणे’ याचे शब्दशः तुर्की ‘एल वेरमेक’. पण तेथे त्याचा जुना अर्थ असा की पीराने किंवा शेखाने आपला अधिकार शिष्याकडे सोपवणे. ट्रंक उचलू लागा म्हणून ज्याला हाक मारायची त्याच्याकडून अनुग्रहाची याचना होऊ नये यास्तव साध्या व्यवहारात ‘बिर एल आत’, म्हणजे ‘एक हात टाक’, असे म्हणतात. आपण ‘जरा हात लाव’ म्हणतो त्याच सुरात. सढळ हाताला ते ‘एली आचक’ म्हणतात, हात उघडा. कृपणाला ‘एली सक’, हात आवळलेला. येथवर दोन्ही भाषा जोडीने चालतात. मग एकाएकी वाट फुटते. ‘एली उझून’, म्हणजे लांब हाताचा, तो तुर्कीत चोर. आपल्याकडे लांब हात असतात ते सरकारचे. हा भेद होजांना सांगितला तेव्हा त्यांनी खिडकी बंद आहे ना, ते आधी पाहिले आणि मग मनमुराद हसले.

पत्त्यांच्या खेळात तर तिन्ही भाषांनी हात आपापल्या परीने वाटून घेतला आहे. इंग्रजाचा ‘हँड’ म्हणजे वाटणीस आलेली पाने. तुर्काचा ‘एल’ म्हणजे एक डाव. मराठी माणसाचा ‘हात’ म्हणजे त्या डावात जिंकलेली एक उचल. आणि बंदुकीचा बार मोजतानाही तुर्की ‘एल’च वापरते: ‘इकी एल सिलाह’, दोन हात शस्त्र, म्हणजे दोन बार. ‘सिलाह’ ऐकून मला आपला शिलेदार आठवला.

पण माझी खरी शाळा होजांच्या मेजाशी भरत नव्हती. ती घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात भरत होती. तिला मी रिवाजाप्रमाणे ‘तेयझे’, मावशी, म्हणत असे आणि ती मला ‘एव्लादम’ म्हणे. आपल्याकडे ‘औलाद’ हा शब्द ज्या प्रसंगी उच्चारला जातो ते प्रसंग ध्यानी असल्यामुळे, प्रारंभी ही प्रेमळ बाई मला सकाळ-संध्याकाळ शिवी का देते, असे मनात येई. तिने वाढलेल्या पहिल्या घासानंतर ‘एलिने सालक’ म्हणायचे, तुझ्या हाताला आरोग्य लाभो. हे स्वयंपाकिणीला म्हणतात, न्हाव्याला म्हणतात, सुताराला म्हणतात. या वाक्याला इंग्रजीत प्रतिशब्द नाही, आणि अन्नाची तारीफ करून कर्त्या हाताला वगळणाऱ्या इंग्रजी शिष्टाचारात तो असण्याचा संभवही नाही. मराठीतही तो तयार सापडत नाही हे कबूल करावे लागेल. मात्र ‘हाताला चव आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा श्रेय ठेवण्याची जागा तरी तीच असते. तेयझेने विणलेल्या पडद्यांना शेजारणी ‘एल एमेई, गोझ नूरु’ म्हणत, हाताचे श्रम आणि डोळ्यांचा नूर. तिच्या धाकट्या भावाच्या पत्राखाली ‘एल्लेरिन्देन ओपेरिम’, तुझ्या हातांचे चुंबन घेतो, असे असे, आणि ती उत्तरी पत्रांत धाकट्यांच्या डोळ्यांचे चुंबन घेई. आपल्या पत्रांत वडीलधाऱ्यांस साष्टांग नमस्कार आणि धाकट्यांस अनेक आशीर्वाद. लेखनसीमेवर उभे राहून वयाचा मान ठेवण्याची ही रीत दोन्हीकडे सारखीच काटेकोर. सणाच्या दिवशी मुले खरोखरच तिचा हात ओठांना आणि मग कपाळाला लावीत आणि ती त्यांना ‘हार्चलक’ देई. त्यातला ‘हार्च’ म्हणजे आपला खर्च.

याच स्वयंपाकघरात एका संध्याकाळी तिचा नातू बेरजेचे गणित करीत होता. सात आणि आठ पंधरा, पाच मांडले, आणि मग तो बोटावर बोट ठेवून पुटपुटला, “एल्दे वार बिर.” हातात आहे एक. मी ऐकले आणि माझ्याही तोंडून आपोआप निघून गेले, “हातचा एक.” मुलाने वर पाहिले. इंग्रज विद्यार्थी हा एक ‘कॅरी’ करतो, म्हणजे वाहून नेतो. तेथे हाताचे नावही नाही. म्हणून ‘हँड’ या शब्दाखाली, कोश कितीही मोठा असो, हा अर्थ कोणासही मिळणार नाही. आणि रायगडच्या पंतोजीच्या पोराला व उस्कुदारच्या तेयझेच्या नातवाला तो मात्र एकमेकांची भाषा न येताही सांगता येईल. हे होजांना सांगण्यास मी दुसऱ्या दिवशी पेढीतून थोडा लवकरच सुटलो. ते ऐकून त्यांनी आणखी एक जोड पुढे केली: एखाद्याच्या मार्फत पत्र धाडताना पाकिटावर त्या मध्यस्थाचे नाव लिहून पुढे ‘एलिय्ले’, त्याच्या हाताने, असे लिहितात. आमच्या पावत्यांवर ‘हस्ते’ असते, असे मी म्हणालो. इंग्रजीत त्या जागी ‘केअर ऑफ’. काळजी आली, हात गेला.

आणखी एक ‘एल’ आहे, तो हात नव्हे. व्युत्पत्तीने निराळा, उच्चाराने तोच: परका, लोक. ‘एल आलेम ने देर’, लोक काय म्हणतील, हे वाक्य तेयझेच्या तोंडी दिवसातून अनेकदा येई, आणि ‘आलम दुनिया’ म्हणणाऱ्या मला त्यातला ‘आलेम’ ओळखण्यास कोणत्याही जेम्साची गरज पडली नाही.

शेवटी म्हणींची पाळी आली. ‘बिर एलिन नेसी वार, इकी एलिन सेसी वार’: एका हातापाशी काय आहे, दोन हातांपाशी आवाज आहे. होजांनी ती ‘मेनी हँड्स मेक लाइट वर्क’ या इंग्रजी म्हणीशेजारी बसवली. आमच्यातही एका हाताने टाळी वाजत नाही, असे मी सांगितले. परंतु ती म्हण आम्ही सहकार्याच्या उपदेशासाठी फारशी काढीत नाही, भांडणात दोघांचाही दोष वाटून देण्यासाठी काढतो, असेही सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटले. होजांनी चष्मा काढला. “म्हणजे तुमच्याकडे टाळीसुद्धा फौजदारीत जाते?” मी आपल्या लोकांच्या वतीने काही बचाव करू पाहिला; तो त्यांनी दाखल करून घेतला नाही.

पुस्तिकेत ‘हँड’साठी दोन पाने राखून ठेवलेली होती आणि आमचा मजकूर त्याच्या कितीतरी पट झाला होता, तेव्हा होजांनी निर्दयपणे कात्री चालवली: विंचू आणि येल्कोवान राहिले, तायफा राहिला, शेखाचा अनुग्रह गेला, बंदुकीचे बार गेले. बेरजेतला एक तर इंग्रजीत नसल्यामुळे आधीच बाद होता. हस्तलिखिताच्या समासात मी ठिकठिकाणी मराठी शब्द देवनागरीत टिपून ठेवले होते. ते तसेच छापखान्यात गेले, आणि जुळारी विचारीत आला की या आडव्या रेघांखाली लोंबणाऱ्या नक्षीचे ठसे आमच्याकडे नाहीत, ते कोठून मागवावेत? होजांनी त्या सर्व टिपांवर निळ्या पेन्सिलीने काट मारली, माझ्याकडे एकवार पाहिले, आणि कोरा कागद ओढून त्याच्या माथ्यावर पुढचा शब्द लिहिला: ‘हेड’.