खळ्यावरचा खल

सकाळी एका गृहसंकुलाची जाहिरात मराठीत उतरवली. त्यात ‘व्हिला’ हा शब्द नऊ वेळा होता. नऊही ठिकाणी तसाच ठेवला. रात्री रहस्यकथेचं भाषांतर करायला बसले, तर पहिल्याच पानावर एक गृहस्थ ‘व्हिलनसली’ हसले आणि माझं काम अडलं.

‘दुष्टपणे हसला’? मराठीत असं कोणी हसत नाही. हे ‘पणे’ म्हणजे भाषांतरकाराने हात टेकल्याची खूण. आपल्याकडे माणूस छद्मी हसतो, कुत्सित हसतो, नाहीतर गालातल्या गालात हसतो आणि पुढच्या पानावर कोणाचा तरी गळा कापतो.

‘व्हिलन’साठी कोश उघडला. लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे शेतीवाडीवरचं घर. त्या वाडीवर राबणारा तो ‘व्हिलानुस’. जुन्या फ्रेंचमध्ये तो गावंढळ, हलक्या घरचा ठरला आणि इंग्रजीत पोचल्यावर हळूहळू थेट बदमाश. नांगर कुळाने धरला, बदनामीही कुळाच्याच वाट्याला आली. लेखणी अर्थात मालकाकडे.

आपणही फार सोवळे नाही म्हणा. संस्कृत काव्यशास्त्रात ‘ग्राम्य’ हा दोष आणि ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत. शहरात इतके गुंड असताना शब्द मात्र ‘गावगुंड’! ‘खल’ तर आणखी मजेचा. संस्कृत कोशात खल म्हणजे दुर्जन आणि खल म्हणजे खळंही. दोघांचं मूळ एकच, असं मी म्हणणार नाही. पण नेरूळ गावातल्या आगरी आजी ‘ळ’चा ‘ल’ करतात, त्यांच्या तोंडी भात झोडायचं खळंही ‘खलं’च होतं.

ती खळी आता कुठे आहेत? नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली, त्या नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाला ठरल्या. रास्त मोबदला मागणारे पाच आंदोलक जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात गेले. माझा फ्लॅटही कोणाच्या तरी भातखाचरावरच उभा असणार. त्या रात्री शब्दकोश मिटताना हे उगाच टोचत राहिलं.

शेवटी ‘छद्मी हसला’ लिहिलं. त्यात ना वाडी आली, ना कूळ. अनुवादात काही गळतं, ते असं.

सकाळी जाहिरात परत आली. शेरा एकच: ‘व्हिला’च्या आधी सगळीकडे ‘आलिशान’ घाला.